प्लग बदलला, तरी पुन्हा जळतो: स्वस्त किटली, टोस्टर आणि छोट्या शेगडीचा तापणारा प्लग

आजवर माझ्या हातातून जितक्या स्वस्त किटल्या, टोस्टर आणि छोट्या शेगड्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकींची तक्रार एकच होती. "चालतं उत्तम, फक्त प्लग तापतो." सुरुवातीला मी मुकाट्याने प्लग बदलून द्यायचो. दोन-तीन महिन्यांनी तेच उपकरण परत यायचं आणि नव्या प्लगवर जुन्याच जागी तपकिरी डाग पडलेला असायचा. तीनदा असं झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी प्लग बदलत होतो, पण ज्या सॉकेटने तो जाळला ते सॉकेट भिंतीत तसंच होतं. कधी याच्या उलट, नव्या सॉकेटची वाट उपकरणाच्या काळ्या पिना लावत होत्या.

मी व्यवसायाने वायरमन नाही. हाच एक बिघाड इतक्या वेळा हाताळला की त्याचा क्रम अंगवळणी पडला. तो क्रम इथे देतो. जिथे मी स्वतः हात टेकतो, तेही सांगतो.

लक्षणं

- उपकरण पाच-दहा मिनिटं चाललं की प्लगवर बोट ठेववत नाही. प्लग नुसता कोमट होणं हा बिघाड नव्हे. हाताला चटका बसत असेल तर मात्र नक्कीच आहे.
- प्लगची एकच पिन काळवंडते किंवा तिच्याच मुळाशी प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी पडतं. दुसरी पिन कोरी करकरीत असते.
- सॉकेटच्या त्याच भोकाभोवती तसाच डाग दिसतो.
- स्वयंपाकघरात मासळीसारखा वास येतो आणि त्याचा उगम सापडत नाही. सॉकेट-स्विचच्या काही कडक प्लास्टिकमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइड असतं, ते तापलं की असा वास सुटतो. लोक सिंकची जाळी घासत बसतात, आणि वास येत असतो हातभर वरच्या बोर्डातून.
- प्लग भोकात डुलतो, हात लागला की उपकरणाचा दिवा मिणमिणतो.
- सॉकेटमधून किंवा स्विचमधून बारीक चर्र, खरखर असा आवाज येतो.
- प्लगलगतची वीतभर वायर कडक झालेली असते, वाकवली तर वाकत नाही.

यांतलं एक लक्षण दिसलं तरी पुढचं वाचा. उपकरणाच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मात्र तो वेगळा आणि जास्त वाईट बिघाड आहे. प्लग काढा, उपकरण बाजूला ठेवा आणि वायरमनने तपासेपर्यंत ते पुन्हा लावू नका.

एमसीबी का पडत नाही

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण सगळ्यांची भिस्त त्याच्यावर, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या स्विचवर असते. "काही गडबड असती तर एमसीबी पडला असता ना?" नसता पडला. त्याचं कारण एकदा समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप पटतात.

१५०० वॅटची किटली २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर घेते. पिन आणि सॉकेटमधली तिला धरणारी पट्टी यांची पकड चांगली असेल तर त्या जोडावरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, इतका नगण्य असतो की उष्णता जवळजवळ होतच नाही. पट्टी सैल झाली, पिनेवर काजळी धरली आणि तिथला रोध अर्धा ओम झाला असं समजा. उष्णता काढायची तर करंटचा वर्ग गुणिले रोध. साडेसहाचा वर्ग सुमारे बेचाळीस, त्याच्या निम्मे एकवीस वॅट. डाग द्यायचं छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. म्हणजे किटली चालू असेपर्यंत प्लगच्या पोटात एक सोल्डरिंग आयर्न तापत असतं.

आता एमसीबीच्या जागी बसून बघा. त्याला दिसतो फक्त करंट, आणि वाटेत अडथळा आल्याने तो किंचित कमीच झालेला असतो. तो कशाला पडेल? प्लगमधला फ्यूजसुद्धा याच कारणाने जात नाही. गळती पकडणारा आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट ताडून बघतो. इथे दोन्ही सारखेच असतात, म्हणून तोही गप्प राहतो. किटलीलाही काही जाणवत नाही. दीड हजारातले वीस वॅट वाटेत गेले तर पाणी उकळायला फक्त काही सेकंद जास्त लागतात. "चालतं उत्तम" हे अगदी खरं असतं, आणि त्यानेच माणूस फसतो.

तर ही उष्णता ओळखायला घरात दोनच साधनं आहेत, तुमचा हात आणि तुमचं नाक. शिवाय हा बिघाड स्वतःच वाढत जातो. तापल्यामुळे पिनेवर ऑक्साइडचा थर चढतो आणि सॉकेटमधल्या पट्टीचा ताण मरतो. ताण मेला की पकड ढिली, पकड ढिली की रोध जास्त, रोध जास्त की ताप आणखी. आज कोमट असलेला प्लग महिन्याभरात चटका देतो, तो असा.

१. उलटा हात

खर्च शून्य. उपकरण पूर्ण लोडवर चालवा आणि बोटांची मागची बाजू प्लगला, सॉकेटच्या चौकटीला, स्विचला आणि वायरला ठिकठिकाणी लावून बघा. हात कोरडे हवेत. उलटी बोटं अशासाठी की झटका बसलाच तर मूठ वळते ती प्लगपासून दूर.

किटलीच्या बाबतीत एक पथ्य पाळा. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला १५०० वॅटला निव्वळ साडेतीन मिनिटं पुरतात, भांड्यातून आणि वाफेतून जाणारी उष्णता धरून चार. एवढ्यात प्लगला पुरतं तापायला सवडच मिळत नाही आणि तुम्ही म्हणता, सगळं ठीक. पाठोपाठ दोन-तीन किटल्या उकळा. शेगडी किंवा ग्रिल असेल तर वीस मिनिटं चालवा, मग हात लावा.

कुठे गरम लागतं ते नीट टिपून ठेवा. फक्त प्लग आणि त्यामागची वीतभर वायर गरम असेल तर जोड सैल आहे. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी गरम असेल तर वायरच बारीक आहे. स्विच गरम असेल तर दोष स्विचच्या आतला आहे आणि तिथे तुमचं काम संपलं. तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून या पाच मिनिटांत घाई करू नका.

२. मधली भानगड काढून टाका

एक्स्टेन्शन बोर्ड, अडॅप्टर, मल्टिप्लग जे काही मध्ये असेल ते काढा. उपकरण थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि पुन्हा हात लावा. ताप गेला? चोर सापडला. मी पाहिलेल्यांत अशी प्रकरणं खूप आहेत, आणि त्यांत उपकरणाचा काडीचाही दोष नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे वाटेल तो प्लग गिळणारं "युनिव्हर्सल" भोक. गोल पिन, चपटी पिन, आडवी, उभी, सगळं त्यात जातं. जे भोक सगळ्यांना बसतं ते कुणालाच घट्ट बसत नाही. पिनेला पट्टी एखाद्या ठिपक्यापुरती टेकते आणि साडेसहा अँपिअर त्या ठिपक्यातून जातात. मोबाइलच्या चार्जरला हे चालतं, त्याचा करंट असतो किती? तापवणाऱ्या उपकरणाला हे भोक कधीही देऊ नका. यांतल्या काही अडॅप्टरांत अर्थिंगची पिन नुसतीच शोभेला असते, आत ती कशालाच जोडलेली नसते.

एक्स्टेन्शन गुंडाळीचं असेल आणि गुंडाळूनच वापरत असाल तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. अशा गुंडाळीवर बहुधा दोन आकडे छापलेले असतात, पूर्ण उलगडलेली असताना किती वॅट आणि गुंडाळलेली असताना किती. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो.

३. बेरीज

उपकरणाच्या बुडाशी वॅट लिहिलेले असतात आणि प्लग, सॉकेट, बोर्डावर अँपिअर. वॅटला व्होल्टने भागा. २३० व्होल्टवर २००० वॅटचे ८.७ अँपिअर होतात. जिथे वीज १२० व्होल्टची आहे तिथे १५०० वॅटलाच साडेबारा. प्लगवर ६ छापलं असेल आणि उपकरण ८.७ घेत असेल तर पुढचं काही तपासायलाच नको. एका बोर्डावर २००० वॅटची किटली आणि ९०० वॅटचा टोस्टर एकदम चालत असतील तर ते झाले १२.६ अँपिअर, आणि बोर्ड १० चा असला तर तो तापणारच.

जिथे लहान आणि मोठ्या अशा दोन मापांचे प्लग वापरतात, तिथे मोठ्या प्लगवरून लहान सॉकेटवर आणणारा अडॅप्टर हे संकटाला धाडलेलं आमंत्रण आहे. प्लग मोठा दिला तो करंट मोठा आहे म्हणूनच.

स्वस्त उपकरणांवरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मोठा आकडा खपतो म्हणून तो मोठा छापलेला मी पाहिला आहे, आणि छापलेल्यापेक्षा जास्त ओढणारी उपकरणंही पाहिली आहेत. साधी परीक्षा वर आलीच आहे: मोजून एक लिटर पाणी आणि घड्याळ. १५०० वॅटच्या म्हणवणाऱ्या किटलीला सहा मिनिटं लागत असतील तर ती हजार वॅटच्या आसपासची आहे.

४. पकड

मेन किंवा त्या सॉकेटचा स्विच बंद करा आणि प्लग आत-बाहेर करून बघा. चांगलं सॉकेट पिनेला धरून ठेवतं, काढताना थोडा जोर लागतो. प्लग सहज घसरून येत असेल, वायरच्या वजनाने खाली झुकत असेल तर पट्टीचा ताण गेलेला आहे. तिथे दुसरे दोन प्लग लावून बघा. सगळेच सैल बसत असतील तर सॉकेट गेलं.

एक जुना उपाय सर्रास चालतो: पिनेच्या चिरेत सुरीचं पातं घालून पिन फाकवायची. मीही केला आहे. आठवडाभर बरं वाटतं. फाकलेली पिन सॉकेटच्या पट्टीला आणखी रुंद करते, मग साधे प्लगही तिथे सैल बसू लागतात. भोकात काडी किंवा तारेचा तुकडा खोचून प्लग घट्ट करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

इथेच एक सवय तपासा. शेगडी चालू असताना स्विच बंद न करता प्लग ओढता का? प्रत्येक वेळी आत ठिणगी पडते आणि पिनेवर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो. असे शंभर खड्डे म्हणजे खरखरीत पिन. आधी स्विच, मग प्लग.

५. अदलाबदल

दोष उपकरणाकडे आहे की भिंतीकडे, हे याच तपासणीत ठरतं. माझं वारंवार चुकत होतं ते मी ही वगळत होतो म्हणून.

आधी तापणारं उपकरण दुसऱ्या, घट्ट पकड असलेल्या आणि तेवढ्याच क्षमतेच्या सॉकेटवर चालवा. तिथेही प्लग तितकाच तापला तर दोष प्लगमध्ये किंवा वायरमध्ये आहे. नाही तापला तर संशय सॉकेटवर. खात्रीसाठी तितक्याच वॅटचं दुसरं, चांगल्या प्लगचं उपकरण संशयित सॉकेटला लावा, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. जळकं सॉकेट चांगल्या पिनाही काळ्या करतं आणि मग एकाऐवजी दोन उपकरणं घेऊन बसावं लागतं.

दोन्हीकडे थोडं थोडं तापतं, असं उत्तर पुष्कळदा येतं. जुन्या प्रकरणांत ते अपेक्षितच आहे, कारण तोवर पिनेने सॉकेट आणि सॉकेटने पिन बिघडवलेली असते. अशा वेळी दोन्ही बदलायचे, आणि एकाच दिवशी. त्यातला एक वाचवू नका.

६. चुंबक

फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक घ्या आणि प्लग काढून पिनांना लावा. पिना पितळेच्या असायला हव्यात आणि पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर वर पिवळा मुलामा दिलेलं लोखंड आहे. लोखंडाचा रोध जास्त, आणि मुलामा खरवडला की गंज. असा प्लग मी साफ करत बसत नाही, कापतो. सॉकेटच्या आतल्या स्प्रिंगला चुंबक ओढलं तर घाबरू नका, काही चांगल्या सॉकेटमध्येही स्प्रिंग पोलादी असते.

पितळेच्या पिनेवर नुसती हलकी काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. खड्डे, निळसर-जांभळी झाक किंवा मुळाशी वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर साफसफाईची वेळ गेली.

७. वायर: बाहेरून जाड, आतून बारीक

स्वस्त उपकरणात पैसा सगळ्यात आधी वाचवतात तो वायरमध्ये, कारण आतलं तांबं गिऱ्हाइकाला दिसत नाही. वायरच्या अंगावर बहुधा छेद छापलेला असतो: ०.७५, १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर. घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या मानकात ६ अँपिअरपर्यंत ०.७५, १० पर्यंत १ आणि १६ पर्यंत १.५ असा साधारण हिशेब आहे, आखूड वायरला थोडी सूट मिळते. ८.७ अँपिअरच्या उपकरणाला ०.५ ची वायर दिसली तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

छापलेलंही खोटं असू शकतं. खरं कळतं ते प्लग कापायची वेळ आल्यावर. एक तार सुट्टी करून नखाने किंवा ब्लेडने खरवडा. आतून-बाहेरून लालसर असेल तर तांबं. बाहेरून चंदेरी आणि आत लाल निघाली तर कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, तेही चांगलं. बाहेरून लाल आणि आत चंदेरी निघाली तर तांब्याचा पातळ थर दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. त्याच्या तारा वाकवल्या की लवकर तुटतात, स्क्रूखाली दबून सैल होतात. तार चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आहे, ती सरळ कचऱ्यात.

वायर सगळीच गरम होत असेल तर नवा प्लग बसवून काही होणार नाही. पूर्ण वायर बदलायला उपकरण उघडावं लागतं, आणि पुष्कळ स्वस्त किटल्यांचं बूड परत नीट बंदच होत नाही. तिथे मी उपकरण मोडीत काढायला सांगतो. लोक नाराज होतात. होऊ देत.

सुट्या वायरच्या उपकरणांबद्दल एक गोष्ट. इलेक्ट्रिक कुकर किंवा जुन्या धाटणीच्या किटलीची वायर हरवली की कॉम्प्युटरची वायर लावतात. ती सी १३ जातीची, म्हणजे पिनेचं तापमान ७० अंशांपर्यंत असेल एवढंच गृहीत धरून केलेली. तापणाऱ्या उपकरणासाठी सी १५ असते, ती १२० अंशांसाठी. तिला एक खाच असते आणि उपकरणाच्या तोंडात त्या खाचेत बसणारा उंचवटा असतो, तो मुद्दाम ठेवलेला आहे. वायर बसत नाही म्हणून तो उंचवटा सुरीने तासून टाकलेलं एक उपकरण माझ्याकडे आलं होतं, वितळलेल्या तोंडासकट.

८. मल्टिमीटर असेल तर

उपकरण भिंतीपासून सुटं करा, गार होऊ द्या, त्याचा स्वतःचा स्विच चालू ठेवा. मग तीन मापं घ्या.

फेज आणि न्यूट्रल या दोन लहान पिनांमधला रोध. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट: २३० व्होल्टच्या १५०० वॅटला ३५ ओम, २००० वॅटला २६ च्या आसपास. मोजताना प्लगजवळची वायर हलवा. आकडा उड्या मारत असेल तर आत काही तारा तुटलेल्या आहेत आणि सगळा करंट उरलेल्या तारांतून जातो आहे. हे माप विजेच्या घटकानेच (एलिमेंटने) तापणाऱ्या उपकरणांना लागू पडतं. मिक्सरची मोटर आणि इंडक्शन शेगडी यांचा हिशेब वेगळा.

अर्थिंगची मोठी पिन आणि उपकरणाचा उघडा धातू यांच्यात रोध जवळजवळ शून्य हवा, एक ओमच्या आत. वाचनच येत नसेल तर अर्थिंग आत कुठेतरी सुटलं आहे किंवा दिलेलंच नाही. धातूच्या अंगाच्या उपकरणाला दोनच पिना असतील तर बुडाशी एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण शोधा. ती दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे. खूण नाही आणि अर्थिंगही नाही, असं धातूचं उपकरण वापरात राहू नये.

शेवटी फेज पिन ते अर्थ पिन, आणि न्यूट्रल ते अर्थ. दोन्हीकडे मीटरने काहीच दाखवू नये. काही किलोओम जरी दिसले तरी घटकात ओल किंवा तडा आहे. मीटरने काही दाखवलं नाही म्हणून इन्सुलेशन शाबूत ठरत नाही, कारण मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो. खरी परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर होते आणि तिथे किमान एक मेगाओम अपेक्षित असतो. मेगर वायरमनकडे असतो.

९. प्लग बदलताना

वायर चांगली निघाली आणि दोष फक्त प्लगमध्ये असेल तरच हे काम करा. साचेबंद प्लग कापताना तापून कडक झालेली वायर पूर्ण जाईपर्यंत कापा, वीतभर गेली तर जाऊ द्या. तार काळी पडलेली असेल तर लाल, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे या. काळ्या तारेवर स्क्रू आवळणं म्हणजे नवा प्लग पहिल्याच दिवशी आजारी पाडणं.

तारांना पीळ द्या, पण सोल्डरचा डाग देऊ नका. हा सल्ला उलटा वाटेल, कारण डाग दिलेलं टोक नीटनेटकं दिसतं. सोल्डर मऊ असतं. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो आणि पुन्हा पहिला पाढा. टोकाला दाबून बसवायची टोपी मिळाली तर उत्तम, नाहीतर पिळलेली तार दुमडून स्क्रूखाली द्या. एकही तार बाहेर राहू देऊ नका.

अर्थिंगची तार बाकी दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेलीच तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. प्लगमधली पट्टी वायरच्या बाहेरच्या आवरणावर आवळायची, आतल्या रंगीत तारांवर नाही. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. हे रंग स्वस्त उपकरणात गृहीत धरू नका. हिरवी-पिवळी तार फेजला लावलेली एक शेगडी मी उघडली आहे. मीटरने खात्री करूनच जोडा.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

सॉकेट दोषी ठरलं तर सॉकेट उघडणं माझ्या यादीत नाही, तुमच्याही नसावं. एक तर सॉकेटमागे कायमची वीज असते आणि कुठला एमसीबी कुठली लाइन तोडतो याची नोंद फार थोड्या घरांत असते. शिवाय जळलेल्या सॉकेटमागची भिंतीतली वायरही पुष्कळदा वीतभर भाजलेली असते. ती किती मागे कापायची, उरलेली पुरेल का, आत ॲल्युमिनियम आहे का, हे बघायला सरावलेला डोळा लागतो. ॲल्युमिनियमच्या जुन्या वायरिंगचे जोड तर वेगळ्या पद्धतीनेच करावे लागतात.

पुढचं काही दिसलं तर वरची एकही तपासणी करत बसू नका, थेट बोलवा:

- प्लग काढून ठेवला तरी बोर्डातून वास किंवा चर्र आवाज येतो.
- सॉकेटभोवतीची भिंत किंवा स्विचपट्टी गरम लागते.
- शेगडी लावली की घरातले दिवे मंद होतात किंवा फडफडतात. सैल जोड कदाचित मीटरजवळ आहे.
- आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतो. त्याला वगळून लाइन थेट जोडून देणारा कुणी भेटला तर त्याला चहा न देता परत पाठवा.
- कुठेही, कितीही हलका शॉक बसला.
- सॉकेटमध्ये पाणी गेलं.

धूर किंवा ज्वाळा दिसली तर तापलेला प्लग हाताने ओढायला जाऊ नका, आधी मेन बंद करा. पाणी टाकू नका. आग बोर्डापुरती न राहता पसरत असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

वायरमन आला की "सॉकेट बदल" एवढंच सांगू नका, नाहीतर तो पाच मिनिटांत तेवढंच करून जाईल. कुठलं उपकरण, किती वॅट, किती मिनिटांनी तापतं, कुठली पिन काळी पडते आणि दुसऱ्या सॉकेटवर काय झालं हे सांगा. मागची वायर भाजली आहे का ते दाखवायला सांगा. काळी पिन न्यूट्रलची असेल तर त्याचा उल्लेख जरूर करा. करंट दोन्ही तारांतून सारखाच जातो, त्यामुळे न्यूट्रलचा जोडही तितकाच जळतो, पण सगळ्यांचं लक्ष फेजकडे असतं.

काम झाल्यावर त्याच दिवशी तीन किटल्या पाठोपाठ उकळून उलटा हात लावा. मग आठ दिवसांनी एकदा आणि महिन्याने एकदा. स्क्रूखालची तार सुरुवातीच्या दिवसांत थोडी दबते, म्हणून महिन्याने प्लग काढून, उघडून स्क्रू अर्धा फेरा घट्ट होतो का ते बघतो. बहुतेक वेळा होतो.